मामाच्या नाटकातली कातकरीण

"कातकरणीलाच कातकरीण केलीन हाय म्हनं. मग त्यात नाटक काय ऱ्हायलं गो?"

पडवीत मामीबरोबर फणस सोलत बसलेल्या दोघी शेजारणींतली एक म्हणाली आणि दुसरी हसली. मामी हसली नाही. दाराआड मी मामाच्या नाटकाच्या नकला उतरवत बसले होते, म्हणजे ज्याची त्याची भाषणं वेगवेगळ्या कागदांवर. माझा टाक थांबला.

"तुझी भाची तिला शिकवते ना? मडम?"

"शिकवते," मामी म्हणाली. "चीक लागला बघ लुगड्याला."

मामा मुंबईत गिरणीत होता आणि कामगारांच्या नाटकांत खलनायक. मिशा पिळणं आणि गडगडाटी हसणं यापलीकडे त्याला कुणी काही करू दिलं नव्हतं. त्या मे महिन्यात तो पोलादपूरजवळच्या आपल्या गावी पहिल्यांदाच स्वतः नाटक बसवत होता. कोळशाच्या भट्टीत नवरा जळून मेलेली कातकरीण गावात येते, देवळाच्या पायरीवर बसते आणि ठेकेदार समोर येईपर्यंत उठत नाही, एवढंच नाटक. गावात नाटकं देवळाच्या अंगणातच होत, त्यामुळे पायरी खरीच असणार होती.

आधी त्याने महाडच्या एका शिंप्याला लुगडं नेसवून बघितलं. शिंपी चांगला नट होता, पण तो बसला की आता दरबार भरणार असं वाटायचं. मोळी विकायला आलेली एक कातकरीण मामाच्या खळ्याबाहेर थांबून ती तालीम बघत होती. तिला हसू आवरेना. मामा चिडून म्हणाला, "मग तू दाखव बसून." तिने मोळी उतरवली आणि बसली. मामाने शिंप्याला उठायची खूण केली. शिंप्याने सुटकेचा निःश्वास टाकून लुगडं सोडलं.

"बसायचा, आन उठायचा नाय, एवढाच ना?" तिने विचारलं.

एवढंच नव्हतं, भाषणंही होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचायची आणि ती माझ्यामागून म्हणायची. मी पाचगणीच्या इंग्रजी शाळेत राहून वाढलेली, माझा 'ळ' कधीच नीट लागला नाही. आठ दिवसांनी मामाने तालीम घेतली तर त्याची कातकरीण 'कोलसा' म्हणत होती. त्याने कपाळावर हात मारला. ती मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय बोलली तसाच बोलली मी." सगळे हसले, मामासुद्धा. त्या हसण्यात मी पहिल्यांदा त्या घरातली झाले.

पण मामाला स्वस्थता नव्हती. बिडी विझायच्या आत दुसरी पेटवायचा, खळ्यात येरझाऱ्या घालायचा. नाटक करायचं तर ग्रामदेवतेचा कौल लागतो, आणि गावातल्या जाणत्यांना कातकरीण देवळाच्या पायरीवर बसलेली नको होती. तोंडावर कुणी बोलत नव्हतं. "देवी काय म्हनते बघू," एवढंच म्हणत. मामा म्हणायचा, "ती नाही तर नाटक नाही. मग मी मिशाच पिळत बसतो जन्मभर."

कौलाच्या सकाळी बायका डाव्या अंगाला खांबापाशी उभ्या होत्या. मी सगळ्यांच्या पुढे, मामी माझ्या मागे. कातकरीण अंगणाबाहेर आंब्याखाली थांबली होती. न्हाऊन आली होती, केसांत फूल होतं.

गुरवाने देवीचा पाषाण धुतला, जास्वंदीच्या दोन पाकळ्या घेतल्या. त्या पाण्याने पाषाणाला चिकटवायच्या; उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मला त्याची बोटं दिसत होती. डावी पाकळी त्याने नुसती टेकवली. उजवी तांब्यात बुडवून लावली, एकदा मागे बघितलं, आणि पुन्हा बोट भिजवून तीच पाकळी दाबली. मग त्याने मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. ते संपायच्या आधीच डावी पाकळी गळली.

"डावा," कुणीतरी म्हणालं.

पाटलांनी हात जोडले. "देवीनंच सांगितलान. नाटक कर की रे, नको कोन म्हनतंय? तो शिंपी हाय ना?"

मी मामाकडे बघितलं. तो भांडेल असं वाटलं होतं. पण मामाची देवीवर श्रद्धा होती. त्याने टोपी काढली, पाषाणाकडे बघून मान खाली घातली आणि हातातलं नाटकाचं बाड गुंडाळायला लागला. आंब्याखालून कातकरणीने विचारलं, "काय झाला?"

दुसऱ्या कुणी हे बघितलं असेल का? शेजारच्या दोघी जमिनीकडे बघत होत्या. कौलात बायका बोलत नसत, आणि मी तर गावची पाहुणी. शाळेत हात वर केल्याशिवाय बोलायचं नसे, आणि माझा हात खरंच उचलला गेला. मामीने तो मनगटाशी धरला. म्हणजे तिनेही बघितलं होतं. मामा पायऱ्या उतरू लागला. मामीची पकड घट्ट होती, पण ती मला मागे ओढत नव्हती.

गुरव पाकळ्या गोळा करायला वाकला.

"उजवीला तुम्ही दोनदा पाणी लावलंत," मी म्हणाले.