विसावं बाळंतपण

१८ नोव्हेंबर १९६१, शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्कम सव्वा रुपया. ती सुपात, तांदूळ आणि नारळाशेजारी मांडून ठेवलेली. शिरोड्याच्या वाटेवरच्या त्या घरात हजर: बाळंतीण, तिची सासू, गावची म्हातारी सुईण, माझी एक विद्यार्थिनी आणि मी. मुलगा झाला तर सुइणीला सव्वा रुपया, मुलगी झाली तर बारा आणे, असा घरचा रिवाज सासूने आम्ही पायरी चढतानाच सांगून टाकला.

मी तेव्हा मिडवाइफच्या वर्गाला प्रात्यक्षिकं शिकवत असे. परीक्षेला बसायचं तर प्रत्येकीने स्वतःच्या हातांनी वीस बाळंतपणं केलेली असावी लागत, आणि केसबुकात प्रत्येकाखाली माझी सही. या मुलीची एकोणीस झाली होती. फॉर्म सोमवारी जायचे होते. चुकलं तर सहा महिने थांबायचं, विद्यावेतन बंद. तिचा भाऊ सावंतवाडीत लाकडी खेळणी रंगवायचा. या वेळी जमलं नाही तर घरी ये, असं त्याने कळवलं होतं. आमच्या दवाखान्यात त्या आठवड्यात बाळंतपणाला कोणी आलं नव्हतं, म्हणून हे बाळंतपण या मुलीला करू द्यावं, अशी मी सुइणीला विनंती केली.

"करूंदे चेडवाक," ती म्हणाली. "माझे हात काय पळान जातत?"

डोकं बाहेर येईपर्यंत सगळं शिकवल्यासारखं झालं. मग मुलीने बाळाच्या मानेभोवती बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. नाळेचा वेढा होता. त्यावर काय करायचं हे तिला पाठ होतं. वर्गात कापडी बाहुलीच्या मानेला काथ्याची दोरी गुंडाळून तिने तो वेढा पन्नासदा तरी डोक्यावरून काढला होता. पण काथ्या कोरडा, खरखरीत. तो बोटाला धरून राहतो.

"बाई, निसटता."

"पुन्हा धर."

पुन्हा निसटली. बाळाचं तोंड निळं पडत चाललं. मी हात घालायला हवा होता. घातला नाही. माझा हात लागला असता तर ते बाळंतपण माझं झालं असतं आणि तिचा आकडा एकोणीसच राहिला असता. हा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता, हे आजही स्वच्छ आठवतं. घड्याळ माझ्या हातात होतं. दीड मिनिट गेलं.

"बाजूक हो गो!" सुइणीने तिला खांद्याने सारलं, बोटांना लुगड्याचा पदर गुंडाळला आणि वेढा डोक्यावरून काढला. पदर उकळलेला नव्हता.

बाळ आलं, पण रडेना. मी तोंड साफ केलं, पाठ चोळायला लागले.

"झील काय चेडू?" सासूने विचारलं.

"आधी रडाक तरी दी तेका," सुईण म्हणाली.

चार मिनिटांनी ते रडलं. मुलगी होती. सासूने सुपातला सव्वा रुपया उचलला आणि मोजून बारा आणे ठेवले.

"झिलाची मान नि चेडवाची मान, सोडवक कष्ट सारकेच गो बाय," सुईण तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुमच्या वहीत आता माझो आंगठो घेतास?"

रविवारी माझी विद्यार्थिनी केसबुक घेऊन माझ्या घरी आली. मी जेवणाची पानं वाढत होते.

"बाई, डोकं येईपर्यंत हात माझेच होते ना?"

"बाळंतपण डोक्यावर संपत नाही."

"मग साडेएकोणीस लिहा."

मी हसले नाही, तीही हसली नाही. मी सही केली नाही. काथ्याच्या दोरीबद्दल आणि त्या दीड मिनिटाबद्दल तिला सांगायला हवं होतं, तेही सांगितलं नाही. बाई नियमाला पक्क्या आहेत, एवढंच तिला वाटलं असणार. "बरं," म्हणून ती गेली.

सोमवारी बाकीच्यांचे फॉर्म गेले. तिच्या भावाला मी पत्र टाकलं की बहिणीला इथेच राहू द्या, जेवणाचा खर्च माफ झाला आहे. माफ कोणी केला नव्हता.

सुइणीला त्या घरून बारा आणे, तांदूळ आणि नारळ मिळाला. दवाखान्याच्या मेसला महिना चौदा रुपयांप्रमाणे सहा महिन्यांचे चौऱ्याऐंशी रुपये मी घरखर्चातून, यजमानांना न सांगता भरले. पावत्या तिच्या नावाच्या घेतल्या.