मामांच्या मालखान्यातला तांब्या

दिवाकरमामा गेल्याचा निरोप त्यांच्या शेजारचा मुलगा घेऊन आला, तेव्हा आई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. तिनं ऐकलं, "हौ" म्हणाली, सूप खाली ठेवलं आणि मला आंघोळीचं पाणी तापवायला सांगितलं. सख्खा भाऊ गेला होता. ती रडली नाही आणि मीही नाही. दहाव्याला वैनगंगेच्या घाटावर मामांच्या कचेरीतली जुनी माणसं जमली. त्यांनी सरकारी टाचणीसुद्धा कधी घरी नेली नाही, असा साहेब, असा नाझर पुन्हा होणे नाही, असं एकेक जण बोलत होता. भाची म्हणून मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. डोकं दुखतंय म्हणून मी घरी निघून आले. ते दोन शब्द आता लिहिते. ते गोड नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

मामा बालाघाटच्या कचेरीत नाझर होते, म्हणजे सरकारी सामानसुमान सांभाळणारे. कचेरीमागचा मालखाना त्यांच्याच किल्लीनं उघडायचा. बेवारस मेलेल्या माणसांच्या वस्तू, कुणी न मागितलेलं सामान, सगळं जिल्हाभरातून तिथं यायचं. मग भिंतीवर हिंदीत उद्घोषणा लागायची, की ज्याचं असेल त्यानं ओळख पटवून न्यावं. मुदतीत कुणी आलं नाही की लिलाव. मामांची ख्याती अशी, की आलेल्या प्रत्येक वस्तूची खूण ते टिपून ठेवायचे. बादलीला पोचा कुठं आहे, छत्रीची कुठली काडी वाकली आहे, धोतराला कसल्या दोऱ्याचा टाका आहे... सगळं लिहिलेलं. खरा मालक आला तर खुणेवरून त्याला ओळखता यावं, असं ते अभिमानानं सांगायचे.

माझे वडील भरवेलीच्या खाणीत कामाला होते. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्यप्रदेशात उरलो, त्याच दिवसांत त्यांचं वरच्या माणसाशी वाजलं आणि ते नोकरी टाकून बिरशाकडच्या जंगलात एका ठेकेदाराकडे गेले. सुरुवातीला पत्रं आली, मग बंद झाली. आई त्यांची वाट बघत राहिली. माणूस रागीट होता, कुठं तरी लांब गेला असेल, राग उतरला की येईल, असं ती सगळ्यांना सांगायची आणि तिचा त्यावर विश्वास होता. वटसावित्रीचा उपास तिनं कधी चुकवला नाही. लालबर्ऱ्याच्या मुलींच्या शाळेत तिला मास्तरीण म्हणून बोलावणं आलं होतं, राहायला खोलीही मिळत होती. आमच्या घरात तेव्हा एका वेळची भाजी दोन वेळा पुरवली जायची. तरी तिनं नाही म्हटलं. "हे परत आले त घर कुठं शोधतीन?" असं ती म्हणाली, तेव्हा मामा आमच्याच ओसरीवर चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्या अभ्यासाची चौकशी केली.

लिलाव कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली व्हायचा. गावातल्या बायका तिथं स्वस्तात भांडी मिळतात म्हणून जायच्या. आई कधी जात नसे, कारण मामा सांगायचे, नाझराच्या बहिणीनं तिथं उभं राहणं बरं दिसत नाही. पण लालबर्ऱ्याला नाही म्हटलं त्याच वर्षी आमचा हंडा गळायला लागला आणि शेजारच्या काकूंनी तिला ओढूनच नेलं. मीही बरोबर होते. ताडपत्रीवर मांडलेल्या भांड्यांत एक फिरकीचा तांब्या होता, झाकण फिरवून बंद करायचा, प्रवासात न्यायचा. आईनं तो उचलला. आपल्याकडे लग्नात भांडं द्यायचं तर देणाऱ्याचं नाव त्यावर घालूनच देतात, हे मराठी घरात कुणाला सांगायला नको. तिनं तांब्या उजेडाकडे फिरवला. गळ्याखाली कोरलं होतं, "बंधू दिवाकर यांजकडून."

तो तांब्या मामांनी तिच्या लग्नात माझ्या वडिलांना दिला होता. तोच घेऊन ते बिरशाला गेले होते.

मामा टेबलामागे बसले होते. त्यांनी आईच्या हातात काय आहे ते पाहिलं आणि मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेनं मला सगळं सांगितलं. पोचा लिहिणाऱ्या, टाका लिहिणाऱ्या माणसानं या एका तांब्यासाठी यादीत नुसतं "पितळी, जुना" एवढंच लिहिलं होतं. स्वतःचं नाव गाळून. त्यांना तो चोरायचं धैर्य नव्हतं, सांगायचंही नव्हतं, म्हणून तो तसाच मुदतभर मालखान्यात पडून राहिला आणि आता कुणाही परक्याच्या घरी जायला निघाला होता.

"दादा, हा माह्या घरचा हाय," आई म्हणाली.

"सुशी, घरी जा. मी संध्याकाळी येतो."

ती घरी गेली नाही. ती लिलाव बघायला बसलेल्या नायब तहसीलदारांपुढे जाऊन उभी राहिली. साहेब उत्तरेकडचे होते, त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं आणि विचारलं, "यह सामान जिस मरे आदमी का है, वह आपका कौन था?" आई थांबली. मेलेला हा शब्द तिच्यासाठी पहिल्यांदाच त्या जागी बसत होता... मग म्हणाली, "मेरे पती." साहेबांनी नाव विचारलं. तिनं उभ्या जन्मात माझ्या वडिलांचं नाव घेतलं नव्हतं. मामा घाईनं सांगायला उठले तर तिनं हात करून त्यांना बसवलं आणि सबंध नाव स्वतः उच्चारलं, आडनावासकट. पुरावा काय, तर तिनं तांब्यावरचं नाव दाखवलं आणि मामांकडे बोट केलं. "ये किसका नाम है, नाझरजी?" साहेबांनी विचारलं. मामांना सगळ्या आवारासमोर म्हणावं लागलं, "मेरा, साहब."

बिरशाच्या रस्त्यावरच्या एका धर्मशाळेत तापानं गेले होते वडील. बोलण्याच्या अवस्थेत नव्हते, नाव कळलं नाही. गावकऱ्यांनी बेवारस म्हणून अग्नी दिला आणि सामान ठाण्यावरून कचेरीत आलं. हे सगळं मामांना कधीचं, लालबर्ऱ्याच्या बोलावण्याच्याही आधीपासून ठाऊक होतं. साहेब त्यांना काही बोलले नाहीत. बहिणीचं सौभाग्य जपण्यासाठी भावानं असं केलं, हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले, म्हणे. गावातही तेच झालं. भाऊ असावा तर असा, असं बायका आईलाच येऊन सांगायच्या. मला तेव्हाही त्यांच्या तोंडावर दार लावावंसं वाटायचं आणि आजही वाटतं.

त्या संध्याकाळी आई सुतकाची उशिराची आंघोळ करून, आपल्या हातानं कुंकू पुसून बसली होती, तेव्हा मामा आले.

"तुले तसं पाहवलं नसतं मले," ते म्हणाले. "हळदीकुंकवाले कोनी बलावलं नसतं तुले. म्हून गप्प राह्यलो."

"मले इचारलं होतं का?"

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी लालबर्ऱ्याले गेली नाही. पोरीले घेऊन इथंच कुढत बसली. तू चहा पेत होता, दादा."

यापुढं दोघं त्या विषयावर कधी बोलले नाहीत. मामांच्या मनात खरंच माया होती का, की विधवा बहीण पोरीसकट आपल्या दारात येईल याची धास्ती होती, हे मला कळलं नाही. दोन्ही असेल. पण ज्या वस्तूंना मालक नाही त्यांचीही मुदत पाळणाऱ्या या माणसानं माझ्या आईला तिचं दुःख मागून नेण्याची संधी दिली नाही. ते आपल्याच ताब्यात ठेवलं, आणि गावानं त्याला चांगुलपणा म्हटलं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग माझ्या आईच्या त्या वर्षांबद्दल कुणी बोलायचं?

आईनं संबंध तोडले नाहीत. राखी बांधली, भाऊबीज केली. फक्त मामा आले की पाणी त्या तांब्यातूनच द्यायची, दुसरं भांडं कधी पुढं केलं नाही. मामा आपलं नाव अंगठ्याखाली झाकून प्यायचे. शेवटी आले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, म्हणून मी स्टीलचा पेला नेला. त्यांनी तो बाजूला सारला. "तुह्या मायले सांग, तांब्या दे म्हणून," एवढंच म्हणाले.

तेरावं झाल्यावर मामी आल्या. बराच वेळ रडल्या, मग आईला म्हणाल्या, "सुशाबाई, तो तांब्या मले द्या. यांच्या नावाची तेवढीच एक वस्तू उरली हाय." मला वाटलं, आई देईल. म्हातारपणात माणूस मऊ होतं, आणि मामींनी तर कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. आई आत गेली, तांब्या भरून घेऊन आली, मामींच्या हातात दिला. मामी पाणी प्यायल्या. मग आईनं तो त्यांच्या हातातून परत घेतला आणि झाकण फिरवून घट्ट लावलं.

"पानी केव्हाही पेयाले ये, वैनी," ती म्हणाली. "तांब्या नाही देत. दादापाशी तो एकदा राह्यला होता."