तांडेल मॅडमचं नाव पुस्तिकेत नाही

हे मला आत्ताच सांगायचंय. घरी जाऊन, जेवून, शांत डोक्यानं लिहीन म्हटलं तर मी स्वतःला ओळखते, 'जाऊ दे ना' म्हणेन आणि झोपून जाईन. म्हणून कॉलेजच्या गेटबाहेर कट्ट्यावर बसून टाइप करतेय. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.

माझ्या मांडीवर एक पुस्तिका आहे. गुळगुळीत कागद, कव्हरवर उगवता सूर्य, नाव 'संकटावर मात'. आत एक्केचाळीस गोष्टी, आमच्या वर्गातल्या एक्केचाळीस घरांच्या. संकल्पना आणि संपादन : आमचे विभागप्रमुख सर. कॉलेज तपासायला कमिटी आलीय, तिच्यासमोर आज सकाळी हिचं प्रकाशन झालं. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा शोधलं. तांडेल मॅडमचं नाव कुठेच नाही. आभारात मंडपवाल्याचं आहे, मॅडमचं नाही.

कोण तांडेल मॅडम म्हणाल तर गेल्या वर्षापासून सांगावं लागेल. सेकंड इयरला इंग्रजीच्या पेपरला आम्हाला एक कादंबरी होती. डोंगरातल्या घाटात एक बस बर्फाखाली गाडली जाते. आत नऊ माणसं, त्यात सारखी प्रार्थना करणारी एक म्हातारी आणि सगळ्यांना गोष्टी सांगून जागं ठेवणारा एक न्हावी. बस, एवढंच. आम्ही कादंबरीच्या आधी तिचं गाईड घेतलं होतं. जगण्याची धडपड दीड पान, श्रद्धा दीड पान, गोष्टी सांगण्याचं महत्त्व दीड पान. पाठ करा, पेपरात ओता, सुटा.

पहिल्या दिवशी मॅडम आल्या त्या पाठीला सॅक, हातात हेल्मेट. त्यांनी स्वतःच सांगितलं, मी दिवाळे कोळीवाड्याची, आई मासे विकते, आणि मी इथं तासावर आहे, म्हणजे कॉलेजनं बोलावलं तर मॅडम, नाही बोलावलं तर नाही. मागच्या बाकावरून रोहितनं हळूच विचारलं, "मॅडम, पापलेट कसं?" वर्ग फुटला. मॅडमनी हजेरीवरून मान पण वर केली नाही. म्हणाल्या, "जोडी घेणार असशील तर सांगते. सुट्ट्या गिऱ्हाईकाला भाव नाही." त्यानंतर वर्ग फुटला तो रोहितवर.

मग त्यांनी सॅकमधून कादंबरी काढली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर दोरा. टेबलावर ठेवली आणि सांगितलं, ही आज उघडायची नाही. उद्या पण नाही. आधी घरी विचारून या, तुमच्या घरातलं कोण मरता मरता वाचलं, आणि कोणाच्या हातानं वाचलं.

आम्हाला वाटलं, पहिल्या दिवसाचा टाइमपास असेल. पण दुसऱ्या दिवशी त्या खरंच एकेकाला उभं करून विचारायला लागल्या. अर्ध्या वर्गानं ठोकून दिलं की आमच्याकडे असं काही झालंच नाही. मॅडम म्हणाल्या, "असं घर नसतं. तुम्ही विचारलं नसेल." पुढच्या दिवशी गोष्टी यायला लागल्या. विहिरीतून काढलेले काका, बाळंतपणात गेलेली आणि परत आलेली आई, कोविडमध्ये ऑक्सिजनसाठी तीन हॉस्पिटलं फिरलेली मावशी. शेवटी प्रत्येक जण म्हणायचा, देवानं वाचवलं. मॅडमना त्याचं काही वावडं नव्हतं. त्या फक्त पुढचा प्रश्न विचारायच्या आणि तो प्रश्न आमच्या वर्गात नंतर म्हणीसारखा झाला, "देवानं पाठवलेल्या माणसाचं नाव काय?"

माहीत नाही म्हटलं की एकच उत्तर. परत जा. विचारून ये.

रोहितला तीनदा परत पाठवलं. तो शिरवण्याचा, जुन्या गावातला, बुलेटवरून येणारा. त्याची आजी तरुणपणी उधाणाच्या पाण्यात बांधावरून वाहून चालली होती, तर एका बाईनं पदर फेकून तिला ओढलं. ती बाई कोण, हे आजी सांगेना. तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं की ती शेजारच्याच घरातली कमळीबाई, आणि कमळीबाईच्या मुलांशी रोहितच्या घरची जमिनीची केस चालू आहे. रोहित वर्गात म्हणाला, मॅडम, हे नाव लिहिलं तर पप्पा मला घरातून काढतील. मॅडम म्हणाल्या, "केस चालू दे. नाव लिही."

मॅडमची स्वतःची गोष्ट पण होती. त्या लहान असताना त्यांच्या वडिलांच्या होडीचं मशीन खाडीच्या तोंडाबाहेर बंद पडलं. तीन दिवस. पाणी संपल्यावर त्यांनी माशांच्या पेटीतला बर्फ चोखला, मासळीच्या वासाचा. आईनं तीन दिवस चूल पेटवली नाही, एकवीरेला नवस बोलली. चौथ्या दिवशी लांबच्या एका बोटीनं त्यांना दोर टाकला, बोटीवरचा माणूस इब्राहिमभाई. तेव्हापासून नारळी पौर्णिमेला त्यांची आई दर्याला दोन नारळ देते, एक घरचा आणि एक इब्राहिमभाईच्या नावाचा. मॅडम म्हणाल्या, आईला विचारलं कोणी वाचवलं, तर एकवीरा म्हणते. कोणाच्या हातानं, तर इब्राहिमभाई म्हणते. तिला या दोन उत्तरांत काही भांडण दिसत नाही. आणि मग घरची बोली तोंडात आली, "तुमालाच कशाला दिसतंय?"

आता माझी गोष्ट. बाबा तुर्भ्याच्या एका केमिकल कारखान्यात होते. मी चार वर्षांची असताना तिथं गॅस सुटला होता, एवढंच मला माहीत होतं. बाबांच्या डाव्या हाताची कातडी वेगळी आहे आणि दर गुरुवारी ते उपास करतात, एवढंच. विचारलं तर म्हणाले, काय सांगायचं त्यात. दुसऱ्या दिवशी चहा पिताना आपणहून बोलले. ते पडले होते, दिसत नव्हतं, आणि एका कंत्राटी कामगारानं त्यांना कॉलरला धरून बाहेर ओढलं. मग तो दुसऱ्याला आणायला परत आत गेला. त्याची छाती कायमची कामातून गेली, त्याला गावी पाठवून दिलं. मी विचारलं, नाव काय त्याचं? बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "आम्ही त्याला ए बिहारी म्हणायचो."

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मला वाटलं, मॅडम आता तरी सोडतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, परत जा. मला इतका राग आला होता. पण बाबांना सांगितलं, तर ते रागावले नाहीत. चार दिवस जुन्या लोकांना फोन करत बसले. एक फोरमन सापडला, आता साताऱ्याला असतो, त्याला आठवलं. जेवताना बाबांनी ताटावरून मान वर केली आणि म्हणाले, "रामसजन." आडनाव फोरमनला पण माहीत नव्हतं. बाबा परत एकदा म्हणाले, रामसजन, जणू पाठ करतायत. आई पोळी लाटायची थांबली होती.

या सगळ्यात विभागप्रमुख सर एकदा दारात येऊन उभे राहिले. मॅडम, आठ तास झाले, कादंबरी कधी सुरू करताय? मॅडम म्हणाल्या, "सुरू झालीय सर. पुस्तक तेवढं उघडायचं राहिलंय." सर हसले नाहीत.

नवव्या तासाला दोरा सोडला. मी शपथेवर सांगते, एक्केचाळीस जणांनी ती कादंबरी खरंच वाचली. बसमधली म्हातारी काचेवर हात ठेवून प्रार्थना करते त्या पानावर कोणी हसलं नाही. न्हावी सांगतो त्यातल्या निम्म्या गोष्टी थापा असतात, आणि ते माहीत असूनही लोक ऐकत राहतात, तर यावर आमच्यात इतकं भांडण झालं की पुढच्या तासाचे सर बाहेर उभे राहिले. पोर्शन परीक्षेच्या पंधरा दिवस आधी संपला. हे लक्षात ठेवा, कारण जूनमध्ये मॅडमना परत बोलावलं नाही आणि ऑफिसमधून कारण सांगितलं गेलं, पोर्शन वेळेत होत नाही.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला लाज वाटते. त्या सगळ्या गोष्टी टाइप मी केल्या होत्या. माझा स्पीड बघून मॅडमनी मला कामाला लावलं होतं, एक्सप्रेस म्हणायच्या मला. पहिल्या पानावर त्यांनी लिहून दिलेला मजकूर होता, हा उपक्रम काय, का केला, आणि खाली त्यांचं नाव. वर्ष संपता संपता विभागप्रमुखांनी मला मेसेज केला, ती फाईल पाठव, चांगलं काम आहे, छापू या. मी एका मिनिटात पाठवली. मॅडमना विचारलं पण नाही. मला वाटलं, मॅडमचं कौतुक होणार, त्यांना सरप्राइज मिळणार. मी सरांना वर तीन हार्ट पाठवले होते.

आज बाबांनी हाफ डे टाकला. इस्त्रीचा शर्ट घातला. मीच त्यांना सांगितलं होतं की रामसजनचं नाव छापून येणार. ते हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसले, पुस्तिका हातात आली तशी आमचं पान शोधलं, बोट ठेवून वाचायला लागले. मी लांबून बघत होते. ते तिथंच थांबले. मग मला खुणेनं बोलावलं आणि पान दाखवलं. 'एका परप्रांतीय कामगाराने प्रसंगावधान राखून त्यांचे प्राण वाचवले.'

बाबा म्हणाले, "पोरी, नाव कुठं गेलं?"

मी रोहितचं पान उघडलं. 'गावातील एका महिलेने'. कमळीबाई गायब. सगळीकडे तेच. एका सहृदय व्यक्तीने, एका अनोळखी तरुणाने. एक्केचाळीस घरांत जाऊन, परत जाऊन, भांडणं काढून, रडून आणलेली नावं, आणि कोणीतरी एका दुपारी बसून ती सगळी खोडली. पहिल्या पानावर मॅडमचा मजकूर होता तिथं सरांचं मनोगत आहे. 'माझ्या मनात बरेच दिवस घोळत असलेली कल्पना.'

मी सरांना स्टेजच्या पायऱ्यांवर गाठलं. ते कमिटीला चहाला नेत होते. चालता चालता म्हणाले, अगं, नावं आली की वाद येतात, आणि तांडेल मॅडम आता आपल्या स्टाफवर नाहीत. मी म्हटलं, सर, कव्हरवर तुमचं नाव आहे, त्याचा वाद नाही येत? त्यांनी ऐकलं नाही किंवा ऐकलं. चहा थंड होत होता म्हणे.

मागे वळून बघते तर बाबांनी शिपाईकाकांकडून पेन मागून घेतलं होतं. 'एका परप्रांतीय कामगाराने' हे शब्द खोडून वर मोठ्या अक्षरात लिहिलं, रामसजन. त्यांचं अक्षर चांगलं नाही. मग ते भिंतीजवळच्या टेबलापाशी गेले, तिथं कमिटीसाठी पुस्तिका मांडून ठेवल्या होत्या. पहिली उचलली, पान काढलं, लिहिलं. दुसरी उचलली. शिपाईकाका बघत राहिले, अडवलं नाही. रोहित आला, माझ्याकडे न बघता त्यानं बाबांकडून पेन घेतलं आणि कमळीबाईंचं नाव लिहिलं, आडनावासकट. केस चालू आहे अजून.

मी बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. त्या आता बेलापूरला एका क्लासमध्ये दहावीला शिकवतात. मी काय काय बोलले मला आठवत नाही, फाईल मी पाठवली हे मात्र सगळ्यात आधी बोलले. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, तुझे बाबा काय म्हणाले? मी पेनाचं सांगितलं. मग त्या बोलल्या, आणि तेव्हा त्यांच्या तोंडात कॉलेजची भाषा नव्हती.

"नाव लिवलं ना त्यांनी? मग आता त्याचा गाव शोधा. तो जिता हाय का नाय, ते पन म्हाईत नाय तुमाला. त्याच्यामुलं तू आज कॉलेजात हाय, ह्ये त्याला कोनी सांगितलंय का?"

मी म्हटलं, आणि तुमच्या नावाचं काय, मॅडम? त्या म्हणाल्या, पोरं वाट बघतायत, ठेवते.

बाबा आत्ता माझ्या शेजारी कट्ट्यावर बसून साताऱ्याच्या फोरमनला फोन लावतायत. उचलत नाही तो. परत लावतायत. मॅडमना राग येत नाही तर न येवो, त्या मोठ्या आहेत. मी नाही. मला येतोय, सरांचा येतोय आणि त्या तीन हार्टवाल्या मुलीचा त्याहून जास्त येतोय. म्हणून विचारते, तुमच्या बाबतीत झालंय का असं? तुमच्या समोर कोणी कोणाचं नाव खोडलं, किंवा तुमच्याच हातून गेलं, आनंदात, घाईत? आणि कळलं तेव्हा तुम्ही काय केलंत?