राष्ट्रपतींकडे गहाण असलेलं घर

लखनौच्या घराचा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जातो. इतकी वर्षं असंच चाललं आहे. घर का विकलं, असं मुलं विचारतात, तेव्हा मी सांगतो, तुमच्या आईला पुण्याला यायचं होतं. ते खरंच आहे. पुढचं मात्र मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला माहीत होतं. ती आता नाही.

मध्यंतरी माझी पुतणी फ्लॅट बघत होती. विकणाऱ्याचं बँकेचं कर्ज अजून फिटलेलं नव्हतं. तिने मला विचारलं, "काका, असं घर घ्यावं का?" मी तिला सगळं नीट समजावलं. मूळ कागद बँकेकडे असतात. तुझ्या पैशातून आधी त्यांचं कर्ज फिटू दे, बँक घर मोकळं केल्याचं लिहून देईल, मग रजिस्ट्री कर. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर घेऊ नकोस, देणारा मेला की ते मुखत्यारपत्रही संपतं. ती म्हणाली, "तुम्हाला किती माहिती आहे हो." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मी रेल्वेत संशोधनाच्या कामावर होतो. मानक नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचा संसार गेला. पुढे गोमती नगरात प्लॉट मिळाला आणि ऑफिसकडून अॅडव्हान्स घेऊन मी घर बांधलं. व्याज कमी, हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा. त्याबदल्यात घर गहाण. गहाणखतावर ऑफिसचं नाव नसतं, भारताच्या राष्ट्रपतींचं असतं. आमच्या कॉलनीत त्यावर ठरलेली थट्टा चालायची. कुणाकडे टाकलंय घर? राष्ट्रपतींकडे. मग काय, चोरीची भीती नाही.

तेव्हा गोमती नगर अर्धं रिकामं होतं. आमच्या गच्चीवरून मोकळे प्लॉट दिसायचे, त्यात कोणी कोणी सरसों, म्हणजे मोहरी, पेरलेली असायची. थंडीत दुपारी आम्ही मोढे, म्हणजे वेताची बुटकी आसनं, वर नेऊन उन्हात बसायचो. बायको मटार सोलायची आणि मी त्यातले खायचो. बाजारात कढीपत्ता मिळायचा नाही, म्हणून तिने साताऱ्याहून रोप आणून मागच्या अंगणात लावलं होतं. लखनौच्या गारठ्यात ते दरवर्षी वाळायचं आणि होळीनंतर पुन्हा फुटायचं. पुण्याच्या फ्लॅटला गॅलरी आहे, ऊनही येतं. पण त्या उन्हाची ऊब निराळीच होती. आजही डिसेंबर आला की पाठीला ती आठवते.

निवृत्ती तीन-चार वर्षांवर आली, तेव्हा बायको म्हणाली, "म्हातारपणी दुखलं-खुपलं तर डॉक्टरला मराठीत सांगता आलं पाहिजे. इथे मी 'कळ येते' हे कसं सांगू?" पुण्यात एका इमारतीत फ्लॅट बुक करता येत होता. त्यासाठी हे घर विकायला हवं होतं.

घर घ्यायला आल्या त्या एका मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई. आम्ही त्यांना बहनजी म्हणायचो. लग्न केलेलं नव्हतं. लखनौतच अलीगंजला भावाच्या भाड्याच्या घरात, म्हाताऱ्या आईबरोबर राहत. साठवलेलं सगळं या घरात घालायचं आणि आईला इथे आणायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. घर बघताना त्यांनी स्वयंपाकघराकडे नुसतं डोकावून पाहिलं. दक्षिणेकडच्या खोलीत मात्र बराच वेळ थांबल्या. "यहाँ अम्मा का पलंग लगेगा," म्हणाल्या, "धूप सीधी आती है।"

सरळ मार्ग मला ठाऊक होता. त्यांच्या पैशातून अॅडव्हान्स फेडायचा, ऑफिसकडून घर गहाणातून सोडवून घ्यायचं, मग रजिस्ट्री. पण तसं केलं तर हातात उरणाऱ्या पैशात पुण्याचा फ्लॅट बसत नव्हता. कॉलनीत बरेच जण करत तेच मीही केलं. साधा करारनामा, सोबत मुखत्यारपत्र, आणि चाव्या. अॅडव्हान्स निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटीतून वळता होईल, तेव्हा रजिस्ट्री करून देऊ. ऑफिसला कळवायचं नाही, कारण गहाण घर परवानगीशिवाय विकणं म्हणजे कराराचा भंग.

बहनजींनी विचारलं होतं. "भाईसाहब, असली कागज कहाँ हैं?"

"ऑफिस में। राष्ट्रपति जी के नाम गिरवी है न।"

त्या हसल्या. "फिर तो अच्छे हाथों में है। रजिस्ट्री कब तक?"

"बस, दो-चार महीने," मी म्हणालो. निवृत्तीला किती अवकाश आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

आम्ही पुन्हा मानक नगरच्या क्वार्टरमध्ये गेलो. बहनजी राहायला आल्या. त्यांनी दक्षिणेच्या खोलीत पलंग टाकला, रजई शिवून घेतली. अम्माजी मात्र येईनात. फार पूर्वी त्यांच्या नवऱ्याने असंच कच्च्या कागदावर घर घेतलं होतं. विकणारा वारला, त्याची मुलं आली, आणि यांना पोराबाळांसह रस्त्यावर यावं लागलं. मी एकदा त्यांना भेटायला अलीगंजला गेलो, तर त्या खाटेवरून म्हणाल्या, "बेटी के घर में रहूँगी, भैया। आपके घर में क्यों रहूँ? पक्की रजिस्ट्री करवा दीजिए, उसी दिन रिक्शे में बैठ जाऊँगी।"

"अम्माजी, घर तो बहनजी का ही है।"

"अच्छा? तो आप यहाँ सफाई देने क्यों आए हैं?"

मी चहा पिऊन उठलो.

दुसऱ्या वर्षी ऑफिसातून एक अधिकारी गहाण घरांची पाहणी करायला निघाले. कर्मचारी स्वतः राहतो की घर परस्पर विकलं, हे बघायचं होतं. मला आदल्या दिवशी कळलं. मी स्कूटरवरून थेट बहनजींकडे गेलो. घर विकल्याचं उघड झालं तर माझ्यावर चौकशी बसेल, निवृत्तीचे पैसे अडकतील, मग तुमची रजिस्ट्रीही अडकेल, असं त्यांना सांगितलं. त्यातलं शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले, तेव्हा मीही तिथे होतो. बहनजींनी स्वतःच्या घरात त्यांना बसायला खुर्ची दिली आणि आपण दाराशी उभ्या राहिल्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, "आप यहाँ?"

"मैं इनका घर देख रही हूँ," बहनजी म्हणाल्या. "ये लोग क्वार्टर में हैं न। भाभी की तबीयत ठीक नहीं रहती।" मी शिकवलेलं त्या जसंच्या तसं बोलल्या. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

अधिकाऱ्यांनी मान डोलावली, खोल्यांमधून फिरून आले आणि गेले. मी निघताना बहनजींनी फाटकाशी मला थांबवलं. "एक बात बताइए, भाईसाहब। झूठ मैंने उनसे बोला, या आपने मुझसे?"

मी म्हणालो, "थोड़े दिन की बात है।"

हे अम्माजींच्या कानावर गेलंच. मुलीने आपल्याच घराला परक्याचं म्हटलं, एवढं त्यांना पुरलं. त्यानंतर त्या घराबद्दल बोलेनाशा झाल्या. बायको टेंपोने, म्हणजे तिकडच्या शेअर रिक्षाने, अलीगंजला जाऊन त्यांना भेटायची. मला म्हणायची, "अहो, उसनवारी करा, पुण्याचा फ्लॅट सोडा, पण तो अॅडव्हान्स फेडून टाका." मी म्हणायचो, एवढं वर्ष जाऊ दे. पुण्याच्या इमारतीचा स्लॅब घालून झाला होता आणि मला त्याचे फोटो येत होते.

मी निवृत्त होण्याआधीच्या जानेवारीत, लखनौला आठवडाभर सूर्य दिसला नाही अशा धुक्यात, अम्माजी अलीगंजच्या त्या भाड्याच्या घरातच वारल्या. गोमती नगरच्या घराचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. बायको जाऊन आली. मी स्टेशनवर कोणाला तरी सोडायला गेलो होतो, असं मी सांगितलं.

निवृत्तीनंतर अॅडव्हान्स वळता झाला. घर गहाणातून मोकळं केल्याचं खत ऑफिसने करून दिलं, मूळ कागद परत आले. ते घेऊन मी पुण्याहून लखनौला गेलो आणि रजिस्ट्री झाली. बहनजी ठरल्या वेळी आल्या होत्या. वकिलाने दाखवलं तिथे सह्या केल्या, अंगठा दिला, शाई पुसायला मी रुमाल पुढे केला, तर त्यांनी पर्समधून स्वतःचा काढला. घर पूर्णपणे त्यांचं झालं. माझ्या कागदात आता एकही चूक नव्हती.

बाहेर येऊन आम्ही रिक्षाची वाट पाहत उभे राहिलो. मी गाडीत रात्रभर हिंदीत वाक्य जुळवत आलो होतो. त्यांनी विचारलं, "भाभी कैसी हैं? पूना में मन लगा?" मी म्हणालो, लग गया. तेही खरं नव्हतं. बायको रोज गच्चीची आठवण काढायची. मग रिक्षा आली. त्या बसल्या, मला नमस्कार केला, आणि मीही केला.

पुढे दोन-तीन दिवाळ्यांना बायकोने त्यांना फोन केला. ती मला फोन घ्यायला बोलवायची, मी हात हलवून नाही म्हणायचो. मग त्यांचा नंबर बदलला. त्या आज आहेत की नाहीत, हेही मला ठाऊक नाही. असल्या तरी मराठी त्यांना वाचता येणार नाही. तरी जे बोलायचं होतं ते माझ्या भाषेतच लिहितो, हिंदीत मी त्यांच्याशी फार सफाईने बोलत आलो.

बहनजी, अम्माजींचा पलंग त्या खोलीत तीन हिवाळे रिकामा राहिला, तो माझ्यामुळे. मी आधीच ते कर्ज फेडू शकत होतो. फेडलं नाही. मला माफ करा.