थोरल्या साडूचे बूट

सख्खा भाऊ पुढे गेला तर माणूस चारचौघांत छाती फुगवून सांगतो. साडू पुढे गेला की त्याच माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. हे मी कुठे वाचलेलं नाही, एकवीस वर्षं अंगावर काढलेलं आहे. माझा थोरला साडू आणि मी एकाच तेल डेपोत टँकरवर ड्रायव्हर. सासरी तो थोरला जावई, मी धाकटा. डेपोच्या हजेरीपटावर त्याचं नाव वर, माझं खाली. जाईन तिथे हा बाबा माझ्याआधी एक पायरी चढून बसलेला.

डेपोत त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. काहीही विचारा, पहिला शब्द तोच.

"दाजी, चहा घेणार?"

"सावकाश."

"दाजी, फाटक बंद होतंय!"

"सावकाश."

पण खोटं कशाला बोलू, तो गाडीवर बसला की नाव ठेवायला जागा नसायची. भरलेला टँकर शहाणा असतो, रिकामा गरीब असतो, अर्धा भरलेला मात्र महानाठाळ. तुम्ही ब्रेक दाबता, चाकं थांबतात, आणि मग आतलं तेल मागून येऊन धक्का देतं, 'कोणाला विचारून थांबलास?' म्हणून. असा अर्धा टँकर सावकाश इतक्या हळुवार उभा करायचा की समोर ठेवलेला त्याचा चष्मा जागचा हलायचा नाही. लोक वाहवा करायचे. मीही करायचो, तोंडाने. पोटात मात्र लाल मिरच्या वाटल्या जात असायच्या.

त्यात आमच्या घरी रोज पाढा. आमची ही भाजी निवडता निवडता म्हणायची, "ताई सांगत होती, दाजींचे पाय म्हणे कधी दुखतच नाहीत." मी गरम पाण्याच्या बादलीत दोन्ही पाय सोडून बसलेलो असायचो.

पायांचं दुखणं बुटांचं होतं. डेपोच्या फाटकातून आत जायचं तर बोटांवर लोखंडी वाटी बसवलेले बूट हवेतच. वरून एखादं झाकण किंवा नळीचं तोंड पडलं तर पाय वाचावा म्हणून. पूर्वी स्टोअरमधून हाताला येईल तो जोड मिळायचा. मग मोठ्या साहेबांनी ठरवलं की ज्याने त्याने दुकानात जाऊन आपल्या पायाला सोसतील असे बूट घ्यावेत, एक जोड कंपनीतर्फे.

मी दुसऱ्याच दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात हजर. पाच मिनिटांत काम फत्ते. दुकानातले सगळ्यात दणकट बूट. घोट्याच्या वर चार बोटं, तळ विटेएवढा जाड, पिवळ्या नाड्या. आरशासमोर उभा राहिलो तर माझा मलाच वचक वाटला. डेपोत शिरलो तेव्हा वॉचमन म्हणाला, "काय हो, गाडी सोडून थेट चंद्रावर निघालात का?" मी मनात म्हटलं, जळतोय लेकाचा.

सावकाश गेला संध्याकाळी, ड्युटी संपल्यावर. माझे बूट त्याला दाखवायचे होते म्हणून मीही बरोबर गेलो.

"दिवसभर दमल्यावर कशाला?" मी विचारलं. "सकाळी ताजंतवानं यायचं ना."

"दिवसभर गाडी चालवून पाय फुगतो," तो म्हणाला. "सकाळी गोड वाटलेला बूट संध्याकाळी चावतो."

खिशातून त्याने रोजचे जाड मोजे काढले, चढवले. मग उभं राहून चालून बघायचं सोडून हा पठ्ठ्या खुर्चीवर बसला. टाच जमिनीला टेकवली आणि पंजा वर-खाली करू लागला. मग डावीकडे, मग उजवीकडे. एक जोड झाला, दुसरा झाला, सातवा झाला. दुकानदाराला राहवेना.

"काका, बूट घेताय की गाडी चालवताय?"

"गाडीच. चालायला माझ्याकडे चपला आहेत."

बुटाचा तळ हातांनी वाकवून बघ, मागची टाच गोल आहे का त्यावर अंगठा फिरव, पुढच्या वाटीत बोटं हलतात का ते बघ. लोखंडी वाटी जड म्हणून ती नको, फायबरची हलकी हवी. तळ तेलावर घसरू नये, पण इतका जाडही नको की खाली पेडल आहे की दगड ते कळू नये. मी हसत होतो. "दाजी, इतकं तर आपण बायको बघायला गेलो तेव्हाही बघितलं नव्हतं!" तो म्हणाला, "म्हणूनच आता बुटात चूक नको." दुकानदार खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. विनोदसुद्धा माझ्यावर कुरघोडी करणारा. मी तणतणत घरी निघून आलो.

आता माझ्या विटांची कथा. पहिल्याच दिवशी क्लच कुठे सुटतो तेच पायाला कळेना. गाडी आचके देऊन बंद पडायची. ब्रेक दाबायला जावं तर बुटाचा रुंद पंजा शेजारच्या एक्सलेटरला लागायचा आणि इंजिन गुरगुरायचं. टाच टेकवून पाय फिरवावा तर मागची कडा अडायची. पण इतक्या रुबाबात मिरवलेले बूट परत कोणत्या तोंडाने करायचे? आणि तेही सावकाशच्या नाकासमोर?

नेमका तेव्हाच डेपोत नवा टँकर आला. लोण्यासारखा क्लच, वरखाली होणारी सीट, आणि बसल्याजागी गार वारा. आमचे जुने टँकर म्हणजे पाठीला उखळात कांडणं. हा कोणाला मिळणार म्हणून सगळ्यांची झोप उडाली. सुपरवायझरने दोनच नावं काढली, सावकाश आणि मी. परीक्षा ठरली. टाकीत अर्धं पाणी भरायचं, मैदानाला एक फेरी मारायची आणि भरणीच्या जागी पांढऱ्या पट्ट्यावर गाडी उभी करायची. ज्याची कमी हलेल त्याची गाडी.

देवाशपथ सांगतो, मला त्या गाडीपेक्षा 'धाकट्याला मिळाली' हे वाक्य ऐकायचं होतं. जन्मात एकदा.

परीक्षेच्या सकाळी पहिली चिठ्ठी माझी निघाली. मी फाटकाजवळच्या कपडे बदलायच्या खोलीत गेलो. सावकाश चपला घालून हात-तोंड धुवायला बाहेर गेलेला. मांडणीवर त्याचे बूट. मऊ, वाकलेले, तुकतुकीत पुसलेले. मी डावा उचलून तळाशी बघितलं. आठ नंबर. माझाही आठ! डोक्यात वीज चमकली. याची करामत पायात नाही, बुटात आहे. अक्कल गहाण पडायला किती वेळ लागतो? दोन नाड्या बांधायला लागतो तेवढाच. त्याचे बूट माझ्या पायात, माझ्या विटा त्याच्या जागी, आणि मी बाहेर.

डावा पाय क्लचवर काय बसला म्हणून सांगू! फेरी अशी झाली की बघणारे माना डोलवायला लागले. उजवा जरा सैल वाटत होता, पण दुसऱ्याचा बूट म्हणून सोडून दिलं. पांढरा पट्टा जवळ आला. मी ब्रेकवर पाय टाकला, तर पाय गेला पुढे आणि बूट राहिला मागे. टाच आतल्या आत निसटली, पंजा पेडलच्या कडेवरून घसरला. पुन्हा दाबेपर्यंत गाडी पट्टा ओलांडून गेली होती. जोरात दाबलं, तर आतल्या पाण्याने मागून असा दणका दिला की गाडी डुलत डुलत पुढच्या दोन रिकाम्या पिंपांना कवेत घेऊनच थांबली. पिंपं गडगडत मैदानभर.

मी खाली उतरलो तेव्हा सावकाश समोर उभा. पायात चपला. हातात माझ्या विटा. सगळा डेपो आळीपाळीने चार बूट बघत होता.

सुपरवायझर म्हणाला, "तुमची पाळी. बूट चढवा आणि बसा गाडीत."

"हे घालून नाही बसणार," सावकाश म्हणाला. "खाली काय आहे ते पायाला कळल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. माझं नाव कापलंत तरी चालेल."

मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साडूबुवा, उजवा नऊ नंबर आहे. पायावर पिंप पडल्यापासून माझा तो पाय मोठा आहे. म्हणून मी दोन नंबरांचे दोन जोड घेऊन एकेक घालतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी तिथेच जमिनीवर बसून बूट काढले. आयुष्यात इतक्या सावकाश मी कुठलंच काम केलं नव्हतं. त्याने ते घातले, फेरी मारली, पट्ट्यावर गाडी ठेवली, जसं काही झोपलेलं मूल पाळण्यात ठेवलं. टँकर त्याचा झाला.

पण खरी जळजळ पुढेच आहे. रविवारी सासूबाई अभिनंदनाला त्याच्या घरी आल्या, आम्हीही गेलो. आता हा माझं बिंग फोडणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसलेलो. आणि हा म्हणतो, "अहो, मला नुसती नशिबाने मिळाली. यांच्या वेळी नव्या गाडीचे ब्रेक अजून नीट बसले नव्हते. नाहीतर गाडी यांचीच होती." मेहुणी कौतुकाने नवऱ्याकडे बघायला लागली. आमची हीसुद्धा! गाडी त्याची, सीट त्याची, गार वारा त्याचा, आणि वर मोठं मनही त्याचंच? याने चुगली केली असती तर मी सुखाने मान खाली घातली असती. हे मात्र मला सोसवेना.

मी ताडकन उभा राहिलो. "ब्रेक उत्तम होते," म्हटलं. "मी दाजींचे बूट चोरून घातले, म्हणून पिंपांत शिरलो."

मेहुणीच्या हातातली कपबशी वाजली. आमच्या हिने कपाळाला हात लावला.

आणि सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, असं सगळ्यांसमोर कबूल करायला काळीज लागतं हो. आमचे धाकटे जावई मनाचे स्वच्छ! थोरले चांगलेच आहेत, पण धडधडीत खोटं बोलले की नाही आत्ता?"

मी हळूच साडूकडे बघितलं. चहाचा कप ओठांपर्यंत गेलेला, तिथेच थांबलेला. कानाच्या पाळ्या लाल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यावर जळत होता.

त्या दिवशी मी सासूबाईंकडे दुसरा चहा मागून घेतला आणि चांगला चवीचवीने प्यायलो.