वालीवच्या ढोलाची मोटर

मी सैन्यात होते, मिलिटरी पोलीसमध्ये, सिपाही. आता नाय, गुडघा गेला तेव्हा मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं. बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, तिकडे काय केलंस गं, गोळी चालवलीस का. चालवली, रेंजवर. पण मला विचाराल तर सगळ्यात कठीण ड्यूटी मला इथेच लागली, आपल्या वसईच्या वालीवला, सासरच्या घरापासून सायकलच्या टप्प्यात.

आमची पोस्टिंग तेव्हा डोंगरात. काम म्हणजे सैन्याच्या गाड्यांना रस्ता मोकळा करून द्यायचा. पहाटे उठायचं, लाल टोपी, पांढरा पट्टा, वळणावर उभं राहायचं, गाड्या मोजायच्या, वायरलेसवर बोलायचं, संध्याकाळी परत. रोज तेच. एका पावसाळ्यात दरड आली आणि आमची एक गाडी खाली गेली. तीन जण गेले. हवालदार बलवंत, सिपाही मुरुगन, सिपाही दत्ता.

युनिटमध्ये शहिदांची भिंत आहे. ती नवीन करायची ठरली, जुनी नावं आणि ही तीन, सगळी पितळेत ओतलेली, वर उठलेल्या अक्षरांची. तिथल्या बाजारात असलं कोण करत नव्हतं. मी घाबरत घाबरत बोलून गेले, साब, हमारे वालीव में बनता है. माझ्या माहेरच्या ओळखीतले डॉमनिककाका, त्यांची पितळेच्या कामाची शेड. सुभेदार साब म्हणाले, ठीक है. आता जबाबदारी माझी. काय चुकलं तर नाव माझंच येणार.

सामान आणायला दोघींना पाठवलं. कमांडर लान्स नायक सुमन, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो, आणि मी. उस्ताद कागलकडच्या, गुऱ्हाळावर वाढलेल्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र असा की ट्रक थांबायचा. ऑर्डर साधी होती. सकाळी वसई रोडला उतरायचं, नावांच्या पितळी पट्ट्या घ्यायच्या, संध्याकाळच्या गाडीने परत. नव्या भिंतीच्या परेडला शहिदांच्या घरचे येणार होते, पत्रं गेलेली, तारीख हलणार नव्हती. आणि दोघींपैकी कोणीही सामान सोडून कुठे जायचं नाही.

माझी पोरगी तेव्हा वर्षाची. सुट्टी संपवून मी परत गेले त्याला चार महिने झालेले, ती सासू-सासऱ्यांजवळ वसईत. मी ट्रेनमध्ये एकच हिशोब करत होते, सामान पटकन मिळालं तर उस्तादांना विचारीन, एक तास द्या. रिक्षा वालीवला शिरली आणि बघते तर शटर बंद, हे पण बंद, ते पण बंद. शुक्रवार! वालीवच्या कारखान्यांची सुट्टी. इथलीच सून आणि मलाच आठवलं नाय.

डॉमनिककाका शेडमध्ये होते, पण तोंड पडलेलं. "ये बाय. काय सांगू तुला. ढोलाची मोटर जळली काल."

ढोल म्हणजे आडवं आठकोनी लोखंडी पिंप, पट्ट्यावर फिरतं. आत स्टीलच्या गोळ्या आणि रिठ्याचं पाणी, त्यात पितळ टाकलं की घासून घासून सोन्यासारखं निघतं. आमच्या नावांच्या पट्ट्या बाजूच्या पाटीत पडलेल्या, भट्टीतून निघालेल्या तशाच, तव्यासारख्या काळ्या. नावं वाचता येत नव्हती.

उस्ताद म्हणाल्या, "हातानं घासूया की."

"वरून होईल. अक्षरांच्या खाचेत हात जात नाय. काळं आतच राहील."

"दुसरी मोटर?"

"वाइंडिंगवाला बंद, दुकान बंद. आज शुक्रवार ना."

तेवढ्यात सुभेदार साहेबांचा फोन. उस्तादांनी स्पीकर लावला.

"सामान मिला?"

"मिल रहा है साब."

"मिल रहा है, या मिला?"

"शाम तक मिला बोलूंगी साब."

फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "रडायलीस काय?"

"नाय उस्ताद."

"पोरगी कुठं हाय तुझी?"

मी हात केला त्या दिशेला. वाटलं आता जा म्हणतील.

"तू जायाचं न्हाई. ऑर्डर हाय. पण घरच्यांनी हितं यायचं न्हाई असं ऑर्डरमधी कुठं लिवलंय? लाव फोन."

मी सासऱ्यांना फोन लावला.

काकांकडे पाण्याच्या पंपाची एक मोटर पडून होती. ती काढली, पाया लहान-मोठा होत होता म्हणून खाली लाकूड दिलं, जुन्या मोटरची पुली हिला ठोकून बसवली, पट्टा चढवला. मला पाना धरायला दिला आणि मी शॉकच्या भीतीने तो ओढणीत गुंडाळून धरावा म्हणून ओढणी शोधतेय, अंगावर युनिफॉर्म! उस्ताद बघत होत्या. "धर तसाच. वायर माझ्याकडं हाय, तुझ्याकडं न्हाई."

काकांनी बटन दाबलं. ढोल गरगर फिरायला लागला, एकदम गुपचूप, आवाजच नाय. मला बरं वाटलं. काका पण खूश, "बघ कसा लोण्यासारखा चालतो."

उस्तादांनी ढोलाजवळ कान नेला. "काका, बंद करा. आत काय पडंना झालंय."

उघडलं. पट्ट्या काळ्याच. उस्ताद म्हणाल्या, पाण्याची बादली जोरात फिरवली की पाणी सांडत नाय, तसं झालंय. पंपाची मोटर दुप्पट पळते. गोळ्या आणि पट्ट्या भिंतीला चिकटून फिरतायत, एकमेकांवर पडत नायत, मग घासणार काय? ढोलावरचं चाक दुप्पट मोठं पाहिजे, तर तो हळू फिरेल. पण तेवढं चाक आणायचं कुठून, शुक्रवारी?

तेव्हा माझे सासरे आले. पायजमा, टोपी, सायकलच्या पुढच्या सीटवर पोरगी, कॅरिअरला वाडीतल्या केळ्यांचा फणा. मी धावले. पोरीने माझी लाल टोपी बघितली आणि किंचाळली, आजोबांच्या मानेला चिकटली ती सुटेचना. मी टोपी काढली तरी नाय. सासरे म्हणाले, "झोपेतून उठलीय, म्हनून." ती झोपेतून उठली नव्हती, मला कळत होतं.

उस्ताद पोरीकडे बघत नव्हत्या. सायकलकडे बघत होत्या.

"आबा, मागचं चाक द्याल?"

"चाक? आनि मी घरी कसा जानार?"

"रिक्षानं सोडते."

"रिक्षा नको. चालत जाईन. देशाचं काम हाय ना?"

"नावांचं हाय, आबा."

सासऱ्यांनी एकदा पाटीतल्या काळ्या पट्ट्यांकडे बघितलं आणि स्वतःच सायकल उलटी केली. "टायर नीट काढा. नवीन हाय."

टायर काढलेली रिम, स्पोकसकट, ढोलाच्या पुलीवर ठेवून बोल्ट आणि तारेने आवळली. काकांकडे खुंटीला गिरणीचा जुना लांब पट्टा होता, तो रिमच्या खाचेत बसला. मोटर मागे सरकवली. बटन दाबलं. दोन-चार फेरे बरे गेले, मग रिम डुलायला लागली. मी पोरीला घ्यायला म्हणून सासऱ्यांकडे वळलेली, पट्ट्याच्या अगदी समोर. "खाली!" एवढंच ऐकलं. मी पोरीवर वाकले आणि फाडकन आवाज. पट्टा सुटून आला होता. तो मला लागला नाय, पोरीला लागला नाय. उस्ताद मध्ये उभ्या होत्या, हात आडवा. मनगटापासून कोपरापर्यंत लाल वळ, बघता बघता हात सुजला.

मी धावत पाण्याची बादली आणली.

उस्तादांनी हात पाण्यात बुडवला, बाहेर काढला. "रिम मधोमध न्हाई. दोरी आण."

"उस्ताद, हात..."

"हात माझा हाय. दोरी आण."

दोरीने चारी बाजूंनी अंतर मोजलं, तार सोडून परत आवळली. या वेळी त्यांनी आधी सगळ्यांना शेडच्या बाहेर काढलं आणि बटन स्वतः दाबलं.

खळ्ळ. खळ्ळ. खळ्ळ. आतलं सगळं वर चढायचं आणि खाली पडायचं. काकांनी छातीवर क्रूस केला. पोरगी रडायची थांबली, कान टवकारले तिने, एवढा मोठा खुळखुळा तिने कधी ऐकला नव्हता. दाराजवळ जायला म्हणून तिने हात पसरले, जवळ मी होते, तर माझ्याच कडेवर आली. बघत होती ढोलाकडे, माझ्याकडे नाय. मला चाललं. दुपारभर मी तिला घेऊन तिथेच दारात उभी राहिले, आणि मध्ये कधीतरी ती माझ्या खांद्यावरचं पितळी बक्कल चावत झोपली. उस्तादांनी मला एकदाही काम सांगितलं नाय. पाणी बदलणं, चाळणं, सगळं त्या एका हाताने करत होत्या.

संध्याकाळी ढोल उघडला. पट्ट्या भुशात सुकवल्या, एकेक फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या. खाचेखाचेतून लख्ख. उस्तादांनी फोन लावला. "मिला साब." पलीकडून फक्त "शाबाश."

पोरीला झोपलेलीच सासऱ्यांच्या खांद्यावर दिली. काकांनी रिम काढून सायकल जोडून दिली होती. चाकाचा एक स्पोक वाकडा झाला होता तो झालाच.

परेडला भिंतीवर नावं उन्हात चमकत होती. उस्तादांचा हात काळानिळा, सॅल्यूट मात्र सरळ. बिगुल झालं. मग घरच्यांना पुढे बोलावलं. बलवंत हवालदारांची बायको आली, मुरुगनचे वडील आले, दोघांनी आपापल्या नावाला हात लावला. शेवटी दत्ताची आई, बीडकडची, नऊवारी, डोक्यावर पदर. भिंतीपुढे येऊन थांबली. बाजूला ड्यूटीवर मी उभी, मला म्हणाली, "बाई, मला वाचता येत न्हाई. माजा कोंचा?"

मी तिचा हात धरून त्या पट्टीवर ठेवला. तिने बोट अक्षरांवरून फिरवलं, सावकाश, एकेका खाचेतून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मग परत पहिल्यापासून. मग दोन्ही तळवे ठेवले आणि तशीच उभी राहिली.

पितळेला हात लागला की डाग पडतो. परेड संपल्यावर मी फडकं घेऊन पुसायला गेले, तशी ड्यूटीच होती. उस्ताद म्हणाल्या, "दत्ताचं राहू दे."

बलवंतचं पुसलं नाय. मुरुगनचं पुसलं नाय. दत्ताचं पुसलं नाय.