अँटनी तिथे नव्हता

लावणी उरकली, वरंध घाट नेहमीप्रमाणे बंद झाला, आणि आम्ही तिघे मित्र श्रीलंकेला निघालो. विचारणाऱ्यांना मी ‘फिरायला’ एवढंच सांगत होतो. मोठ्या पतंगाला कमरेनं बांधून घ्यायचं आणि फळीवर उभं राहून समुद्रावरून घसरत जायचं, असल्या खेळासाठी एक्कावन्न वर्षांचा इलेक्ट्रिक सामानाचा दुकानदार परदेशी चालला आहे, हे पोलादपूरच्या बाजारपेठेत सांगण्यासारखं नव्हतं.

परत आल्यावर आम्ही जे सांगितलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नौशादचं गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि ते तिथल्या अँटनी नावाच्या माणसाच्या हलगर्जीपणामुळे. महाडच्या वाचनालयातल्या कार्यक्रमात मी स्वतःच तसं सांगितलं. त्यातलं हाड मोडल्याचं खरं आहे. बाकीचं आता लिहितो. अँटनीचं काम त्यात गेलं म्हणून लिहितो, नाहीतर मी बोललो नसतो. मला ओळखणाऱ्यांना हे पटेल.

खूळ नौशादचं. नौशाद महाडचा, माझा शाळेपासूनचा मित्र. कुवेतला बरीच वर्षं त्यानं ट्रेलर चालवला. तिथे किनाऱ्यावरच्या रस्त्यानं जाताना त्याला हे पतंग दिसायचे. गाडी थांबवायला मनाई होती, म्हणून तो वेग कमी करून बघायचा. आता त्याचे स्वतःचे ट्रक आहेत आणि रस्त्यात कुठेही थांबायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही, पण महाडला समुद्र नाही.

“एकदा उभं राहायचंय रे त्या फळीवर,” तो म्हणाला. “एकदाच. मग तुम्ही म्हणाल तिथं दर्शनाला येतो.”

तिसरा काशिनाथ. कुडपणचा, शाळेला महाडला आमच्याबरोबर, आता मुंबईत लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला. लावणीसाठी गावी आला होता. पावसात डोंगरातलं माणूस घर टाकून जात नाही, तळीयेवर दरड कोसळल्यानंतर तर नाहीच. काशिनाथनं आईला आणि मुलांना आधी खाली पोलादपुरात बहिणीकडे आणून ठेवलं, मगच पासपोर्ट खिशात घातला.

“आता डोंगराला काय करायचं ते करू दे,” तो गाडीत बसताना म्हणाला. “मानसं खाली हायत.”

कोलंबोला उतरलो तर ऊन. आपल्याकडे छत्री वाळत नव्हती आणि इथे रस्त्याकडेला नारळाची सोडणं कडक वाळलेली. आमचं ठिकाण कल्पिटिया, उत्तरेकडे समुद्रात घुसलेली एक लांबट जिभेसारखी जमीन. वाटेत आधी नारळाच्या बागा, मग मिठागरं, मग ताडाची झाडं आणि मोकाट गाढवं. गाढवं रस्त्याच्या मधोमध उभी राहतात आणि वाहनं त्यांना वळसा घालतात. नौशादनं ड्रायव्हरला विचारलं, ही कुणाची? ड्रायव्हर म्हणाला, कुणाचीच नाहीत, म्हणून कुणी हलवत नाही.

उतरण्याची जागा म्हणजे झापांनी शाकारलेल्या चार खोल्या, समोर वाळू आणि त्यापुढे कलपुवा (खाजण, समुद्राचं आत शिरलेलं उथळ पाणी). पाणी कमरेएवढं आणि वारा सतत एकाच बाजूनं. थोड्या अंतरावर बांबूच्या मांडवांवर मासळी वाळत घातलेली. वासानं आम्हाला परकं वाटलं नाही.

मालक आणि शिकवणारा एकच, रुवान. तिशीचा, बोलणं मोजकं. त्याच्या हाताखाली अँटनी. अँटनी आमच्याच वयाचा, मूळचा मासेमार. पहिल्या दिवशी तो दोऱ्या उलगडत असताना नौशादनं फोनवर घरी बोलताना कुवेतचं नाव घेतलं. अँटनीनं मान वर केली.

“कुवैत में किधर?”

“फहाहील. तुम?”

“उधरीच. पानी का टँकर.”

झालं. त्यानंतर दोघांचं जे सुरू झालं त्यात आम्हाला प्रवेश नव्हता. कुठल्या चौकात पोलीस थांबायचा, कुठल्या हॉटेलातला केरळचा माणूस उधार द्यायचा. संध्याकाळपर्यंत नौशाद त्याला ‘अपना आदमी’ म्हणू लागला होता.

जेवण अँटनीच्या बायकोच्या हातचं असायचं. लाल भात, नारळाच्या दुधातली डाळ, पोल सांबोल (ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी, लिंबू पिळलेली) आणि खेकडे. श्रावण होता. मी ताटाकडे बघत बसलो.

“श्रावण मुंबईच्या विमानतळापतूर,” काशिनाथ म्हणाला आणि नांगी फोडली. “समुद्र वलांडला की संपला. गप खा.”

मी खाल्लं. या सहलीतलं घरी लपवण्यासारखं एवढंच, असं त्या वेळी वाटलं होतं.

शिकवणी अशी होती. पहिल्या दिवशी वाळूत उभं राहून छोटा पतंग. मग मोठा पतंग कमरेच्या पट्ट्याला अडकवून नुसतं पाण्यातून ओढलं जायचं. मग पायात फळी. काशिनाथ तिसऱ्या दिवशी फळीवर उभा राहिला, बऱ्यापैकी लांब गेला, पडला, आणि नाकातलं पाणी झाडत म्हणाला, “वारा काय खास नाय. आमच्या वरच्या माळाला यापेक्षा जास्त हाय.” मला पाण्यानं दोनदा उलटं केलं, तेव्हा मी किनाऱ्यावरची कामं पसंत केली. नौशाद दर वेळी अर्धा उठायचा आणि बसायचा. तिसऱ्या संध्याकाळी रुवान त्याला म्हणाला, उद्या नक्की उभा राहशील.

किनाऱ्यावरच्या कामात एक काम फक्त अँटनीचं होतं. माणूस पट्टा बांधून एका टोकाला उभा राहतो, त्याच्यापासून लांब दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पतंग कडेला धरून उभं राहायचं. त्यानं अंगठा वर केला की यानं हात उघडायचा. पतंग आपोआप वर जातो. पहिल्या सकाळी रुवाननं बजावलं होतं की पतंग वर फेकायचा नाही. अँटनीनं आम्हाला ते हिंदीत सांगितलं: “फेंकना नहीं. हाथ खोलो, बस.”

चौथ्या दिवशी रुवान आणि काशिनाथ पुढे पाण्यात होते, समुद्राकडे तोंड करून. नौशाद पट्टा बांधून वाळूत तयार. अँटनी पतंग धरून. मला वाटलं, हा आता उभा राहणार तर फोटो हवा. फोन खोलीत राहिला होता. मी स्वतः जाऊन आणायला काय हरकत होती, याचा मी नंतर खूप विचार केला. काहीच हरकत नव्हती. वाळू तापली होती, एवढंच.

“अँटनी, मेरा फोन रूम में है. लेके आओ ना. पतंग मैं पकड़ता हूँ.”

“सर बोला है, मेरे सिवा कोई नहीं पकड़ेगा.”

“अरे, दो मिनट. मैं छोड़ूँगा नहीं.”

मी गिऱ्हाईक होतो. त्यानं पतंगाची कड माझ्या हातात दिली, माझी बोटं नीट लावली, आणि म्हणाला, “मैं आने तक बस पकड़ना.” मग तो खोलीकडे पळत गेला. लांब उभ्या नौशादला वाऱ्यात आमचं बोलणं ऐकू गेलं नाही.

नौशादला दम कुठला. त्यानं अंगठा वर केला आणि ओरडला, “दे रे सुध्या!”

आता लहानपणी महाडला आम्ही संक्रांतीत पतंग उडवायचो. मांजा नौशादकडे, फिरकी काशिनाथकडे, आणि पतंग घेऊन लांब जाऊन उभं राहायचं काम माझं. नौशाद ‘दे’ म्हणाला की उडी मारून पतंग वर फेकायचा. जितकी उंच उडी, तितकी मदत. मी त्यात चांगला होतो. दुसऱ्या कशात नव्हतो.

मी उडी मारली आणि पतंग वर फेकला.

दोऱ्या ढिल्या पडल्या. पतंग वर जाऊन कलंडला, खाली येऊ लागला, आणि मधेच त्यात वारा भरला. नौशादनं दोऱ्या बांधलेली हातातली दांडी सोडली असती तर जोर कमी झाला असता, पण मांजा पकडायची सवय असलेला माणूस दांडी सोडत नाही. तो वाळूवरून ओढला गेला आणि मासळीच्या मांडवावर जाऊन आदळला. मांडव कोसळला. सुकी मासळी त्याच्या अंगावर पडली. पतंग पुढे कुंपणात अडकला.

रुवान पाण्यातून धावत आला. नौशादला शुद्ध होती, पण ‘दे’ म्हटल्यानंतरचं त्याला काही आठवत नव्हतं, आणि अजूनही आठवत नाही.

“पतंग कोणी धरला होता?” रुवाननं मला इंग्रजीत विचारलं.

“मी.”

“फेकलास?”

“नाही. नुसता सोडला.”

“अँटनी कुठे होता?”

“अँटनी तिथे नव्हता,” मी म्हणालो. हे खरं होतं. मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिलो की हे वाक्य तरी खरं होतं.

तेवढ्यात अँटनी माझा फोन हातात घेऊन आला. रुवान त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला, आवाज न चढवता. अँटनीनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी नौशादच्या अंगावरची मासळी उचलत होतो. अँटनीनं फोन माझ्यासमोर वाळूत ठेवला नाही, नीट हातात दिला, आणि तो कुंपणाकडेनं निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून जेवण दुसरीकडून येऊ लागलं. चांगलं नव्हतं.

पुत्तलमच्या दवाखान्यात नौशादचा हात झोळीत बांधला. तो हाडाबद्दल फारसं बोलला नाही.

“अपना आदमी म्हणत होतो मी त्याला,” तो म्हणाला. “पतंग टाकून गेलाच कसा रे?”

“जाऊ दे,” मी म्हणालो.

“गेला आसंल मुतायला,” काशिनाथ म्हणाला. “मानूसच हाय.”

“मग सांगून जायचं!”

मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर एक गाढव होतं.

महाडला परतलो तर पाऊस तसाच आणि माणसं नौशादला बघायला येऊ लागली. सफरचंदं, शहाळी, बिस्किटं. प्रत्येकाला गोष्ट सांगावी लागे. पहिल्या आठवड्यात गोष्टीतला अँटनी कामावरून निघून गेला होता. दुसऱ्या आठवड्यात तो झोपला होता. मग कुणीतरी त्याला दारू पाजली. मी पाजली नव्हती, पण ग्लास काढूनही घेतला नाही. आपण गप्प राहिलो की गोष्ट थांबत नाही, दुसरे सांगतात, आणि आपल्यापेक्षा रंगवून सांगतात.

मग वाचनालयाचा प्रवासानुभवांचा कार्यक्रम. मी बोललो. लोक हसले, हळहळले. ‘तिकडची माणसं बेफिकीरच,’ असं एक गृहस्थ म्हणाले आणि मी मान डोलावली. पहिल्या रांगेत नौशाद एका हातानं मांडीवर थाप मारून टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही, महाडला त्याच्या घरी गेलो. भाभींनी चहा आणला.

“काय भाऊ, आज सकाळीच? कालचं भाषण लय छान केलंत म्हणे.”

“त्याचंच बोलायचंय,” मी म्हणालो आणि सांगितलं. एका दमात, चहाकडे बघत.

नौशादनं कप खाली ठेवला.

“फेकलास?”

“फेकला.”

“उडी मारून?”

“उडी मारून.”

“या वयात?”

भाभींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता तो हसेल आणि सुटलो.

“आणि अँटनीला तू पाठवलंस.”

“हो.”

तो हसला नाही. “हाड माझं आहे, सुध्या. ते जोडलं जाईल, नाय जोडलं तर माझं मी बघेन. मी त्या माणसाला गावभर बेवडा केला. तू ऐकत बसलास. काल तर तूच केलास.” मग म्हणाला, “फोन लाव.”

रुवाननं सगळं ऐकून घेतलं. या सीझनला दुसरा माणूस ठेवला आहे, तो काढता येत नाही, म्हणाला. अँटनी भावाच्या होडीवर जातो. त्यानं नंबर दिला. नौशादनं स्वतः लावला आणि स्पीकर चालू केला. मागे होडीच्या इंजिनाचा आवाज होता.

“अँटनी भाई, इसने पतंग फेंका, वो तू देखा था?”

“रूम से देखा.”

“तो बोला क्यों नहीं?”

“मैं बोलता तो सर किसका मानता?”

नौशादनं फोन माझ्यापुढे धरला. मी माफी मागितली. हिंदीत माफी मागताना शब्द सिनेमातले येतात, ते टाळून जे उरलं ते बोललो. पलीकडून अँटनी म्हणाला, “ठीक है.” मग नौशादशी बोलला, हात कैसा है, उल्टा मत सोना.

फोन ठेवल्यावर नौशादनं एकच अट घातली: जिथे खोटं सांगितलंस तिथेच खरं सांग. त्याप्रमाणे मी वाचनालयात पुन्हा उभा राहिलो. लोक कमी होते. कुणी हसलं नाही, आणि ते गृहस्थ अर्ध्यातून उठून गेले. ज्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

प्रवासातून आल्यावर काय मिळालं ते सांगायची पद्धत आहे. समुद्र मी पाहिला, मासळी खाल्ली, वारा अंगावर घेतला. आणि चाळीस वर्षं ज्याला मी मित्र म्हणत होतो तो किती सरळ माणूस आहे हे मला कळलं. ते त्याला माझ्याबद्दलही कळलं असणार.

पुढच्या सीझनला नौशाद पुन्हा जाणार आहे. फळीवर उभं राहायचं अजून बाकी आहे. अँटनी पतंग धरणार असेल तरच येईन, असं त्यानं रुवानला सांगितलं आणि रुवाननं कबूल केलं. काशिनाथही जाणार आहे. परवा दोघं माझ्याच दुकानात बसून विमानाचं बोलत होते. मी त्यांना चहा मागवला. कुणी मला विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.